फोन तू ठेवायचास

अमरावती
४ फेब्रुवारी २०२५

शकुने, दंडवत.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे कोणी मेलेले नाही. रागावले आहे म्हणून लिहिते आहे.

गुरुवारी दुपारी एकला घर झोपले की आपण दोघींनी फोनवर बोलायचे, हे काय आजचे आहे का? आपली नातवंडे रांगत होती तेव्हापासूनचे आहे. आणि आता मी फोन लावते, तू उचलतेस, मी बोलते, तू "हो, हो" म्हणतेस आणि ठेवून देतेस. मागच्या खेपेला मी विचारले, गुडघ्याचे काय झाले? तू म्हणालीस, "हो." गुडघ्याचे "हो" म्हणजे काय ते मला कळव.

तुझ्या किशोरने वरची खोली बांधली, तिच्या वास्तूला मी आले नाही याचा राग धरला असशील तर सरळ शिव्या दे. तुझ्या शिव्या मला चालतात. हे गोडगोड "हो, हो" चालत नाही. ते व्याह्यांशी बोलताना वापरायचे असते.

मी बोलायचे कोणाशी? मुलगा हारांच्या दुकानातून येतो आणि टीव्हीसमोर बसतो. सून प्रणाली दिवसभर घरात असते, पण तिच्याविषयी तिच्याशीच कसे बोलणार? आज तिने वांग्याच्या भाजीत साखर घातली. वांग्याच्या भाजीत. मी ताटावर बसले आणि मनात म्हटले, हे शकुनला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरणार नाही. नाहीच उतरले.

ओळी वाकड्या झाल्यात. चष्मा जुना आहे. लवकर उत्तर दे.

तुझी
सत्यवती


अकोला
११ फेब्रुवारी २०२५

सत्या, दंडवत.

राग नाही ग बाई. माझे कान गेले.

घे, लिहून टाकले. घरच्यांखेरीज कोणाला सांगितले नव्हते. उजवा आधी गेला, मग डावा मंदावला. समोर माणूस असेल तर ओठ बघून भागवते. भाजीच्या दुकानावर गिऱ्हाईक विचारून विचारून काय विचारणार? मेथी कशी, आणि ताजी आहे का. फोनला ओठ नसतात. तुझा आवाज यायचा, पण त्यातले काय ते कळायचे नाही. तू हसलीस असे वाटले की मी हसायची. बाकी वेळ "हो, हो". वर्ष काढले असे. तुला आता कळले म्हणजे मी नाटकात बरी कामे केली असती.

डॉक्टरला दाखवले. त्याने किशोरला बरेच काही सांगितले, किशोरने मला त्यातले पाव सांगितले. कानामागे लावायचे यंत्र फार महाग आहे, आणि किशोर म्हणाला, "आई, आता तुले आयकून करायचं काय हाय? बस नं घरी आरामात." मलाही ते यंत्र नको. ते लावले की गल्लीभर बहिरी म्हणून शिक्का बसतो, मग दुकानावर मला कोण बसू देणार?

तुझे पत्र मात्र मी चारदा वाचले. वर्षभरात पहिल्यांदा तू मला पूर्ण ऐकू आलीस. तुझी ती साखर वाचून मी अशी हसले की वर्षाली स्वयंपाकघरातून बघायला आली. माझ्या सुनेचे नमुने पुढच्या पत्रात सविस्तर लिहिते. आता फोनचे सोड. आपण पत्रच लिहू.

तुझी
शकुन


अमरावती
१९ फेब्रुवारी २०२५

शकुने,

आधी तुला बोलून घेते. वर्षभर मी जे जे सांगितले ते सगळे वाऱ्यावर गेले का? प्रणालीने माझी नऊवारी बोहारणीला दिली, त्यावर तू "हो, हो" म्हणालीस तेव्हाच मला समजायला हवे होते.

आता उपाय ऐक. यंत्राची लाज वाटते ना? मग हेडफोन घे. आमच्या अमरावतीत दहातली आठ पोरे कानात काहीतरी खुपसून फिरतात, त्यांना कोणी बहिरे म्हणते का? उलट शिकलेली समजतात.

माझा भाचा श्याम लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गातो, त्याला विचारले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन जाती असतात. एक वाट्यांसारखे, पूर्ण कान झाकणारे, वरून डोक्यावर पट्टी. दुसरे बोंडासारखे, थेट कानाच्या आत बसणारे. तो म्हणाला, "आत्या, स्वस्तातले वाट्यावाले नोको घेऊ म्हना त्यायले. त्यात नुसता ढोल घुमते, कान घामानं भिजतेत. आतले घ्या. शेजारी डीजे वाजून राहिला तरी मले माहा आवाज आयकू येते त्याच्यात." स्टेजवर सगळे गाणारे तेच लावतात म्हणे. बाहेरचे काही आत येत नाही, आणि फोनमधले सरळ कानात.

तू अकोल्यात दोन्ही लावून बघ आणि ठरव. आठवड्याभरात ठरव.

आणि पत्राचे नाव काढू नकोस. पत्र मला नको. फोनच हवा.

सत्यवती


अकोला
३ मार्च २०२५

सत्या,

तुझ्या हुकमाप्रमाणे मी नात आचलला घेऊन मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार आचलकडे बघून म्हणाला, "कोनता रंग दाखवू ताई?" मी म्हटले, "रंग मले दाखव. मले पाह्यजे हाय." तो बिचारा खुर्ची शोधायला लागला.

आधी वाट्यावाले लावले. पदर घेतला की पट्टी बसत नाही, पट्टी बसवली की पदर राहत नाही, आणि मागे अंबाडा आडवा येतो. आरशात बघितले. मी दुकानावर अशी बसले तर लोक भाजी घ्यायचे सोडून फोटो काढतील. पण कानाला मऊ लागले. त्याने गाणे लावले. ठोका आला, छातीपर्यंत आला. शब्द आले नाहीत. मी म्हटले, गाणेच तसे असेल.

मग बोंडवाले. ते पदराखाली अजिबात दिसत नाहीत, ही गोष्ट मला फार आवडली. पण तो कानात घालू देईना. घातले की घ्यावे लागतात, परत चालत नाहीत. त्याचेही खरे आहे, दुसऱ्याच्या कानातले कोण घेणार? रबराच्या टोप्या तीन मापांच्या होत्या, माझ्या कानाचे माप मला आजवर कोणी विचारले नव्हते. बरे, न ऐकता घ्यायचे तर पैसा माझ्या मेथीच्या जुड्यांचा, किशोरला मागणार नाही. तशीच परत आले.

दोन्हीत काय घ्यावे ते मला कळत नाही. वाट्यावाल्यांत लाज आहे आणि बोंडवाल्यांत जुगार.

एक विचारू का? पत्र तुला एवढे का टोचते? मला पाच पाने लिहावीशी वाटतात आणि तू म्हणतेस, पत्राचे नाव काढू नकोस. लिहायचा कंटाळा तुला शाळेपासूनच. रिद्धपूरला गुरुजींनी दिलेले शुद्धलेखन तू माझ्याकडून लिहून घ्यायचीस, ते मी विसरलेले नाही. कंटाळा आला असेल तर तसे सांग, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण सांग.

शकुन


अमरावती
१२ मार्च २०२५

शकुने,

श्यामने नवे घेतले. त्याचे जुने कानातले पाठवते आहे. धुऊन, पुसून, नव्या टोप्या लावून. चांगल्या जातीचे आहेत, दुकानात तुझ्या ऐपतीत मिळणार नाहीत. आता जुगार नाही.

वायर तुझ्या बटणाच्या फोनला बसते, श्यामने माझ्या फोनवर बघितले. मोठी टोपी घट्ट दाबून बसव.

पुढच्या गुरुवारी एकला मी फोन करीन. तुला एक महत्त्वाचे सांगायचे आहे. ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. दार लावून बस.

सत्यवती


अकोला
२२ मार्च २०२५

प्रिय सत्या,

श्यामला माझा आशीर्वाद सांग. अगदी लख्ख ऐकू आले. तू शेजारी बसून बोलते आहेस असे वाटत होते. केवढे बोललीस ग. तुझे ऐकून माझे मनच हलके झाले. पुढच्या गुरुवारी पाहुणे येणार आहेत आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीही जमेलसे दिसत नाही, तेव्हा तू आपली पत्र लिही.

दुकानावर काकड्या आल्यात. ऊन तापायला लागले आहे.

तुझी
शकुन


अमरावती
९ एप्रिल २०२५

शकुन,

तुझे पत्र आल्यापासून ते उशीखाली होते. मी तुझ्याशी पुन्हा बोलायचे नाही असे ठरवले होते.

त्या गुरुवारी मी तुला डोळ्यांचे सांगितले. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच आहे, उजव्यात मधोमध नाण्याएवढी जागा उरली आहे, तीही बारीक होते आहे. गेलेले परत येत नाही, असे डॉक्टर स्पष्ट म्हणाला. ऑपरेशन करूनही नाही. हार ओवायची सुई मी सहा महिन्यांपासून चाचपून धरते, दोरा प्रणाली ओवून देते. हे सगळे तुला सांगितले आणि मी रडले. तू हसलीस. "बरं झालं, बरं झालं," म्हणालीस.

मी फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडले. वर तुझे पत्र, की मन हलके झाले.

मग एक दिवस हार ओवताना वाटले, शकुन तोंडाची फाटकी आहे, पण दगड नाही. तिला काहीच ऐकू आले नाही. माझे रडणे तिला हसणे वाटले. बोल, असेच ना?

आता समजले मी फोनसाठी का जीव टाकत होते? पत्र टोचत नाही ग. पत्र दिसत नाही. हे पत्र अंगणात उन्हात बसून कितीतरी दुपारी लिहिते आहे. तुझे एक पत्र वाचायला मला आठवडा लागतो. पुढे ती प्रणाली वाचून दाखवील आणि मी सांगीन ते ती लिहील. आणि आपण लिहितो कोणाविषयी? प्रणालीविषयी. ती ते मोठ्याने वाचून दाखवणार का?

मला जेवण आहे, औषध आहे, मुलगा आहे. मनातले बोलायला तूच एक होतीस. ते गेले म्हणजे मी नुसती घरात ठेवलेली राहीन. मला याची फार भीती वाटते, डोळ्यांपेक्षा जास्त.

लिहिलेस तर मोठे लिही. काळ्या शाईने.

सत्या


अकोला
१५ एप्रिल २०२५

सत्या,

मोठ्या अक्षरात लिहिते.
म्हणून थोडे लिहिते.

खोटे बोलले. काही ऐकू आले नाही. नुसती गुणगुण. तू एवढे धुऊनपुसून पाठवलेस म्हणून हसले. तुझ्या रडण्यावर हसले. माझ्या तोंडाला आग लागो.

तुझे पत्र आले आणि मी आचलला डॉक्टरकडे नेले. त्याचे बोलणे तिने कागदावर लिहून दिले. कानाची नस वाळली आहे. आवाज मोठा करता येतो, शब्द करता येत नाहीत. वाट्या लावा नाहीतर बोंडे. महागातले लावा नाहीतर फुकटचे. माझ्यासाठी सगळे सारखेच.

तुझ्याकडे यावे म्हटले. आले तर तू ओरडून बोलणार आणि तुझी अख्खी गल्ली ऐकणार. प्रणाली तर सगळ्यात आधी. मोठा फोन बोललेले लिहून दाखवतो असे आचल म्हणते. पण तो माझ्याकडे किशोरचा आणि तुझ्याकडे प्रणालीचा. तिथेही तेच.

आता माझे ऐक. माझे तोंड शाबूत आहे. तुझे कान शाबूत आहेत. एवढ्यावर भागवू.

श्यामचे कानातले तुला परत पाठवते. तू लाव, पदराखाली. मी बहिरी, ओरडूनच बोलणार. पण ते लावले की माझा आवाज बाहेर जात नाही, प्रणाली शेजारी बसली तरी. श्यामला विचारून घे.

गुरुवारी एकला फोन मी लावीन. पडद्यावर आकडे पळायला लागले की समजेन तू उचललास. मग मी बोलत राहीन. तुझे, माझे, दोन्ही सुनांचे. तू तिकडून बोललीस तरी मला कळणार नाही. पण बोल. मनातले साठवू नकोस.

मला थांब म्हणता येणार नाही, म्हणून फोन तू ठेवायचास. मी कधीच ठेवणार नाही.

शकुन


अमरावती
२० जून २०२५

ती. शकुनमावशींना प्रणालीचा दंडवत.

मावशी, हे पत्र मी फार उशिरा लिहिते आहे. आई गेल्या. मे महिन्याच्या अखेरीस अंगणात फुलांच्या टोपलीला अडखळून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, दवाखान्यात ताप आला आणि तो उतरला नाही. शेवटपर्यंत बोलत होत्या. आज गुरुवार आहे का, असे मला दोनदा विचारले. गुरुवार नव्हता.

श्यामभाऊ म्हणाले होते की तुमच्याकडे निरोप ते पोचवतील. त्यांचा लग्नाचा मोसम होता, ते राहून गेले. किशोरभाऊंचा नंबर आमच्याकडे नव्हता.

त्या गेल्यावर पहिल्याच गुरुवारी आईंचा फोन वाजला. तो त्यांच्या कोनाड्यातच होता आणि कानातले अजून त्याला लावलेले होते. दुसरे काही सुचले नाही म्हणून मी तेच कानात घातले. मी म्हटले, "मावशी, मी प्रणाली बोलते. आई गेल्या." तीनदा म्हटले. तिसऱ्यांदा ओरडून म्हटले, घरातले सगळे धावत आले. तुम्ही म्हणालात, "मंग आयक नं सत्ये, काल आमच्या वर्षालीनं काय केलं."

मी फोन ठेवायला हवा होता. तुमचे काय ठरले आहे ते मला माहीत होते, तुमचे ते पत्र आईंनी श्यामभाऊंकडून वाचून घेतले होते आणि मी दाराआड होते. फोन इकडून ठेवायचा. मला ठेवता आला नाही. पुढच्या गुरुवारी ठेवू म्हटले, तेव्हाही नाही. काल तिसरा गुरुवार होता.

तुम्ही माझ्याविषयी जे बोललात ते सगळे मी ऐकले. राग आला, खोटे कशाला सांगू? मी भाजीत साखर घालत नाही, गूळ घालते, आमच्या माहेरी तशीच पद्धत आहे. आणि नऊवारी मी बोहारणीला दिली नव्हती. ती फाटली होती, मी तिची गोधडी शिवली. शेवटी आई त्याच गोधडीवर होत्या. त्यांना दिसत नव्हते आणि मी सांगितले नाही, कारण आमचे बोलणेच तेवढे नव्हते.

काल तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "माहे कान चालत होते तवा तूच मंली होती नं, प्रणाली वाईट नाही, पन माह्याशी बोलतच नाही, मीबी बोलत नाही, आता कोनं सुरुवात कराव?" त्यावर मी तुम्हाला विचारले, मावशी, हे आई कधी म्हणाल्या? कशावरून म्हणाल्या? पुढे काही म्हणाल्या का? तुम्ही दोडक्यांच्या भावाचे सांगायला लागलात. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. हे सांगणारे आता तुमच्याखेरीज कोणी नाही, आणि तुमच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही.

आठवत असेल तर मला लिहून कळवा. थोडे असले तरी चालेल.

तुम्हाला हे पत्र मिळेल तेव्हा फार त्रास होईल, हे मला समजते. तुम्ही तीन गुरुवार ज्यांच्याशी बोललात त्या नव्हत्याच. मी होते. तुमची माफी मागते.

आईंचा नंबर मी बंद केलेला नाही. गुरुवारी फोन लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. लावलात तर उचलीन मी. दुपारी एकला आमच्या घरात माझ्याशीही कोणी बोलत नाही.

आपली
प्रणाली